अर्थ राहून गेले

"मावशी, आधी ते कुलपाचं कपाट पुसून घ्या. तीनला तपासणी आहे, पान न् पान उलटून बघणारेत म्हणे," ग्रंथपालांनी दारातूनच ग्रंथालयातल्या मावशींना सांगितलं.

त्या कपाटातली सगळ्यांत जाड कादंबरी मुळी कपाटात नव्हतीच. ती मावशींच्या पिशवीत, डब्याखाली, टॉवेलात गुंडाळलेली होती.

कपाटातली जुनी पुस्तकं घरी न्यायची मुभा खुद्द ग्रंथपालांनाही नव्हती. पण मावशींची लेक कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती आणि निम्मे गुण शब्दांना होते. "याद्या घोकून काही होत नाही, जुन्या कादंबऱ्या वाचा, म्हणजे शब्द अंगात मुरतात," असं शिकवणीच्या बाई म्हणाल्या, आणि लेकीनं कादंबऱ्या आणायचं काम आईच्या गळ्यात मारलं. वसतिगृहासकट जागा मिळायची ती या परीक्षेतूनच. नाही मिळाली, तर काकाच्या गोदामात खोकी बांधायला जायचं, हे घरात ठरून गेलं होतं. म्हणून मावशी संध्याकाळी पुस्तक न्यायच्या आणि सकाळी गुपचूप जागेवर ठेवायच्या; आज नेमकं तेवढं राहून गेलं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत मावशींनी केलेली एवढीच चोरी, आणि तीही स्वतःला न कळणाऱ्या पुस्तकांची!

मागच्या खोलीत त्यांनी कादंबरी उघडली. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा, आणि समासात बाईंच्या शब्दकोशातून शोधलेले अर्थ. सगळं वहीत उतरवायचं ठरलं होतं. कार्टीनं पुस्तकाचीच वही केली होती. सव्वा वाजला होता. परीक्षा उद्या सकाळी होती.

जुना कागद. डाव्या हातानं पान दाबून धरायचं आणि खोडरबर एकाच दिशेनं ओढायचं, एवढं त्यांना पुस्तकं डकवून डकवून ठाऊक झालं होतं. दोन रेघा गेल्या. तिसरीपाशी हात अडला. पोरीचे तीन महिने आपण पुसतोय, या विचारानं त्यांना रडूच आलं. त्यांनी पुस्तकांच्या मागणीच्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला. कोऱ्या बाजूवर आधी शब्द लिहायचा, अर्थ लिहायचा, मग खोडायचं. घड्याळ काही थांबेना. दोन वाजल्यावर त्यांनी अर्थ सोडून दिले आणि नुसते शब्द उतरवायला घेतले.

"भुगा कसला हा, मावशी?" ग्रंथपाल मागे येऊन उभे होते.

"पेन्सिलीच्या खुणा होत्या, सर. कुणीतरी केलेल्या."

"कोण असले उद्योग करतं? सापडला तर घरीच बसवतील त्याला."

"तेच की," मावशी म्हणाल्या. त्यांनी भुगा पदरात गोळा केला.

तपासणीच्या साहेबांनी कपाटातून नेमकी तीच कादंबरी काढली. खिडकीपाशी नेऊन ते पानं उलटत राहिले. 

"ही बरी स्वच्छ आहे हो."

"आमच्या मावशी जपतात," ग्रंथपाल कौतुकानं म्हणाले. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी लेकीनं चप्पल काढता काढताच विचारलं, "पुस्तक आणलंस?"

मावशींनी सगळं सांगितलं. पोरीनं आकांत केला असता तर बरं झालं असतं. तिनं एकेक चिठ्ठी उलटून पाहिली.

"आणि अर्थ?"

"तीस-चाळीस असतील गं. बाकीचे नाही जमले."

"आई, माझं सगळं त्यात होतं."

"येतंय तुला. मी विचारते, तू सांग." मावशी चिठ्ठ्या घेऊन समोर बसल्या. "उपरोध."

"वाकडं बोलणं. टोमणा."

"अभिनिवेश."

"आवेश... हट्टानं धरलेला."

अर्थ लिहिलेल्या चिठ्ठ्या संपल्या. आता हातात नुसते शब्द होते. सातवी शिकलेल्या मावशी एकेक अक्षर लावून वाचत होत्या, आणि उत्तर ऐकताना लेकीचा चेहरा तेवढा बघत होत्या.

"विमनस्क."

 पोरीनं डोळे मिटले, उघडले. "रागावलेला... नाही गं. चिडलेला. बरोबर ना?"

हा अर्थ आपण दुपारी स्वतःच्या हातानं खोडला, एवढंच मावशींना आठवत होतं. तिथं काय लिहिलं होतं, काही केल्या आठवेना. पोर आशेनं त्यांच्याकडे बघत होती.

"बरोबर," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.