रिकामा परत न जाणारा डबा

झाकण जरा हळू उघडा हो. फटकन उघडलंत की मी दचकतो, अंगभर झणझणतं आणि सांगायचं ते राहूनच जातं. हां, आता बोलतो. मी मुलुंड पूर्वेच्या टिपणीसांचा कडीचा डबा. वीस लाडू मावतात माझ्यात, बेताचे वळले तर बावीस. मधल्या काळात एकाच सोसायटीतल्या दोन घरांमध्ये मी इतके हेलपाटे घातले, की माझ्या जागी माणूस असता तर त्याने एव्हाना कोणाला तरी खणखणीत शिवी हासडली असती. मला शिव्या येत नाहीत. मला फक्त वाजता येतं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते घाटकोपरचं भांड्यांचं दुकान आणि तिथला नाव घालणारा माणूस. त्याने हातातल्या यंत्राची सुई माझ्या पोटावर टेकवली आणि टर्रर्र! तेव्हापासून मला दचकायची सवय लागली. कोरलेलं नाव अजून आहे, बोट फिरवलंत तर लागेल: सौ. सुहासिनी श्यामसुंदर टिपणीस. नाव घातलेलं भांडं कुठेही गेलं तरी घरी परत येतं. आणि आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. चांगलीच रीत आहे, मी नाही म्हणत नाही. पण या रीतीने माझा जो छळ केला, तो माझा मला ठाऊक.

श्यामसुंदरकाकांची औषधांची कंपनी बंद पडली, तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी सोसायटीच्या ए विंगमध्ये तळमजल्यावर एक रूम-किचन घेतलं. स्वतः राहायचे बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. "सुहास, हे आपलं पेन्शन," असं ते काकूंना म्हणाले होते. त्या खोलीच्या पूजेचा प्रसाद वाटायला म्हणून मला आणलं. म्हणजे ती खोली आणि मी एकाच वयाचे.

खोलीत भाडेकरू म्हणून आला लवू घाडी. मूळचा मालवणकडचा, शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. बायको प्रेमा, मुलगी श्रुतिका. चार वर्षं पाच तारखेला भाडं दारात, एकदाही सहा झाली नाही. मध्ये काकांना अर्धांगाचा झटका आला. लवूची अनामत रक्कम इस्पितळात संपली. काका घरी आले ते उजवी बाजू गमावूनच, आणि त्यांना उठवायला, बसवायला, अंघोळ घालायला भांडुपच्या शांताबाई येऊ लागल्या. पाच तारखेला लवूचं भाडं यायचं आणि सात तारखेला तेच शांताबाईंच्या पदरात जायचं. मधले दोन दिवस पैसे काकूंच्या कपाटात असायचे. तेवढीच काय ती काकूंची घरमालकी.

मग साथ आली आणि शाळा बंद झाल्या. लवूची पिवळी व्हॅन गेटाशी ताडपत्री पांघरून उभी राहिली. लोक म्हणायचे, महिनाभराचा प्रश्न आहे. काकूही म्हणाल्या, पुढच्या महिन्यात दे. पुढचा महिना आला, त्याच्या पुढचाही आला. शांताबाईंच्या पगारासाठी काकूंनी मुदतठेव मोडली. चौथ्या महिन्यात मात्र त्यांनी ठरवलं, आज जाऊन स्पष्ट विचारायचं.

पण हात हलवत कसं जायचं? भाडं मागायला आल्यासारखं दिसेल! अहो, भाडं मागायलाच तर चालला होतात. पण माझं कोण ऐकतंय. काकूंनी उरलंसुरलं साजूक तूप काढलं, बेसन भाजलं, वीस लाडू वळले आणि मला भरून ए विंगला नेलं. दारात प्रेमा उभी. काकू म्हणाल्या, श्रुतिकाला आवडतात ना, म्हणून आणले. मग पाण्याची वेळ बदलल्याचं बोलणं झालं, मास्कचं झालं, आणि काकू परत गेल्या. भाड्याचा भ सुद्धा निघाला नाही. मी तिथेच राहिलो.

आता त्या घरातलं ऐका. लाडू संपले, प्रेमाने मला घासून पुसून ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"रिकामो डबो कसो धाडू त्यांका?" ती लवूला म्हणाली.

"मगे भरतलंस काय त्यात? माझां टकलां?"

गावाहून आलेलं कुळथाचं पीठ होतं पिशवीत. चार दिवस भातावर घ्यायला पिठी झाली असती. तिने पिशवी झटकून सगळं माझ्या पोटात ओतलं आणि वर चार कोकमं ठेवली. शोभेला!

काकूंनी झाकण काढलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला. काकांना म्हणाल्या, घरात सगळं भरलेलं आहे हो यांच्या, भाड्यालाच तेवढी तंगी. आणि तिकडे प्रेमा शेजारच्या मधुवंतीला सांगत होती, साजूक तुपातले लाडू होते, टिपणीसकाकूंना कसली आली पैशाची घाई. मी दोन्हीकडे हजर. दोन्हीकडचं खरं मला माहीत. सांगू कसा? झाकण लागलेलं!

पुढचे कित्येक महिने हेच. काकू मागायच्या निश्चयाने शंकरपाळे घेऊन जायच्या, शंकरपाळ्यांबद्दल बोलून परत यायच्या. एकदा प्रेमाने मधुवंतीकडून दोन वाट्या रवा उसना आणला आणि शिरा करून मला भरलं. उसना! डबा भरायला! आणि त्या शिऱ्यात बेदाणे बघून काकूंनी ठरवून टाकलं की ही माणसं मुद्दाम फसवतायत. इकडे काकांच्या दुधात पाणी वाढत चाललं होतं, कारण तूप-साखरेचे पैसे माझ्या वाट्याला जात होते. माझा वैताग विचारू नका.

मुलगा मिहिर बंगळुरूला. त्याचाही पगार निम्म्यावर आलेला. फोनच्या पडद्यावर त्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तू भाडं मागतेस की हळदीकुंकू करतेस?"

काकूंना राग आला, कारण ते खरं होतं.

मुदतठेव संपली. शांताबाईंचे दोन पगार थकले. त्या भांडणाऱ्या नव्हेत, जाताना काकांचे केससुद्धा विंचरून दिले. चपला घालताना एवढंच म्हणाल्या, "ताई, माझा घरमालक लाडू नाही पाठवत."

त्यांना चेंबूरला दुसरं काम मिळालं. बरोबरच होतं त्यांचं. पण त्या दिवसापासून अडुसष्ट वर्षांच्या काकू एकट्या काकांना उचलू लागल्या. उचलू कसल्या, ओढू लागल्या. कंबरेला पट्टा, दारं-खिडक्या बंद. का, तर शेजाऱ्यांना कळायला नको. पाचव्या दिवशी त्यांनी मिहिरला सांगितलं, तू म्हणत होतास तो वकिलाचा कागद पाठव.

कागदात लिहिलं होतं, महिनाभरात खोली रिकामी करा. काकूंनी झेरॉक्सच्या दुकानातून तो छापून आणला. आता दाराखालून सरकवायचा की नाही? नाही. चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्यात. मी हबकलो. मग नुसता कागद डब्यात बरा दिसेना म्हणून काकूंनी त्यावर चिवडा ओतला. घर सोडायची नोटीस, वर चिवडा! मी डबा आहे, मला काही कळत नाही असं धरून चाला. पण माणसांनो, तुम्हाला तरी?

दारात देताना त्यांची नजर खाली होती. "चिवडा आहे," म्हणाल्या आणि निघाल्या.

संध्याकाळी प्रेमाने चिवडा परातीत ओतला आणि पिशवी निघाली. लवूने उभ्या-उभ्या वाचलं, मग खाली बसून परत वाचलं. श्रुतिका चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती, तिला बाहेर पाठवलं. कुणी ओरडलं नाही. लवू एवढंच म्हणाला, पुढच्या महिन्यात गावाक जाव. प्रेमाने विचारलं, आणि श्रुतिकाची शाळा? ती मोबाइलवर असली तरी नाव इथल्याच शाळेत होतं.

प्रेमाने मला घासलं आणि सवयीने फळीकडे हात नेला. फळीवर नुसतं मीठ होतं. मिठाचा डबा तिने उचललासुद्धा, मग खाली ठेवला. आणि मला उघडाच, झाकण हातात धरून, घेऊन निघाली. लवू मागून दोन पायऱ्या ठेवून चालत होता. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. तोंड कसं दाखवू, म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा मी रिकामा वर चाललो होतो. फार हलकं आणि फार भयंकर वाटत होतं.

टिपणीसांचं दार त्या संध्याकाळी नुसतं लोटलेलं होतं. प्रेमाने ढकललं. काका पलंग आणि खुर्ची यांच्या मधे घसरलेले, काकू जमिनीवर बसून त्यांना बगलेत धरून. किती वेळ, कोण जाणे. हाक मात्र मारली नव्हती कुणालाच.

प्रेमाच्या हातून मी सुटलो.

मग मी वाजलो. आयुष्यभर दचकत आलेल्या मी त्या दिवशी सगळ्या बी विंगला दचकवलं. उंबऱ्यावरून उडालो, जिन्यावर आपटलो, पायरीगणिक ठणाणा करत खाली गेलो आणि लवूच्या पायाशी जाऊन आडवा झालो. कडी तुटली. लवू मला ओलांडून धावला. व्हॅनमध्ये झोपलेली पोरं उचलायची सवय त्याला. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, काका पलंगावर.

मला वर आणलं तेव्हा काकू पाणी पीत होत्या. प्रेमाने विचारलं, शांताबाई कुठे आहेत?

"गेली. तुमचं भाडं म्हणजे तिचा पगार होता."



"काकू, तुम्ही तर लाडू पाठवत होता," प्रेमा म्हणाली.

"आणि तू बेदाण्यांचा शिरा."

"रवा उसना होता. बेदाणे श्रुतिकाच्या खाऊतले."

काकूंनी मला उचललं. आत बघितलं, पालथा करून बघितलं, पोचा आलेल्या जागी अंगठा फिरवला. "मग रिकामा द्यायचास ना गं डबा, बये," त्या म्हणाल्या. "मला कळलं असतं."

त्यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. भाडं आकाशातून पडलं नाही. ठरलं ते असं: सकाळ-संध्याकाळ लवू काकांना उठवील, दिवसा प्रेमा बघेल, त्यात निम्मं भाडं फिटेल. उरलेलं निम्मं व्हॅन सुरू झाली की थोडं थोडं. मिहिरने विचारलं, हे कुठल्या कायद्यात बसतं? काकू म्हणाल्या, तू ये उचलायला, मग कायदा बोल. शांताबाईंचे थकलेले पगार मिहिरने आणि काकूंनी मिळून दिवाळीनंतर दिले. त्यांना फराळही देऊ केला, तर त्या म्हणाल्या, "डबा नको ताई, पैसेच बरे." साऱ्या प्रकरणात शहाणं माणूस तेवढं एकच. आणि कामही तिचंच गेलं.

आता शाळा सुरू आहेत, व्हॅन धावते. जुन्यातले काही महिने अजून राहिलेत. दर पाच तारखेला लवू दारात उभा राहून आधी तेच मोठ्याने सांगतो, "काकू, मागचे राहिलेत, विसरलो नाय." काकूही तोंडावर म्हणतात, विसरू देणार नाही. मला हे बोलणं फार आवडतं. लाडवांपेक्षा.

मी सध्या काकूंच्या माळ्यावर असतो. कडी नाही, झाकण नीट बसत नाही, पोटात कपडे वाळत घालायचे चिमटे. तक्रार नाही. जाता जाता एकच मागणं आहे. कुणाचा डबा तुमच्या घरी आला आणि घालायला काही नसेल, तर उसनं आणू नका. तसाच परत करा. आणि ज्याचा असेल त्याने तो हातात घेऊन टिचकी मारून बघावं.

भरलेला डबा वाजत नाही हो.