सन १९३० चा उसवलेला तुकडा

मित्रांनो, मी पंचवटीतल्या एका शाळेची जुनी कालपट्टी आहे आणि मी रागावलेली आहे. आधीच सांगून ठेवते.

१९७८ साली इतिहासाच्या सुमनबाईंनी मला सात हात मांजरपाटातून बेतलं. एका हाताला पन्नास वर्षं, शिवजन्मापासून पुढे. "पुस्तकातलं मी शिकवते, घरातलं तुम्ही विचारून आणा," असं त्यांनी सातवीला सांगितलं. मग काय, पोरांनी सुया टोचून टोचून मला हैराण केलं. एकोणसत्तरचा गोदेचा पूर निळ्या कापडाचा, बहात्तरचा दुष्काळ गोणपाटाचा. फार मजेत होते मी.

त्याच वर्गातल्या मैनाने तर आपल्या आजीलाच, भिमाबाईंना, वर्गात आणलं. "तीस साली काळारामाच्या दारी सत्याग्रहाला बसले होते मी. आम्हाला आत जाऊ देत नव्हते. दगडं खाल्ली, पण उठले नाय," एवढंच त्या बोलल्या आणि पदराचा तुकडा फाडून दिला. मैनाने तो १९३० पाशी शिवला. टाके वाकडेतिकडे, पण घट्ट.

तपासणीच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी तो पाहिला.

"हे काढा, बाई. साहेबांपुढे नसता वाद कशाला?"

"सर, तिच्या आजीनं भोगलंय ते."

"भोगलं असेल. पुस्तकात एवढं नाही."

सुमनबाईंनी तुकडा उसवून मैनाच्या हातात दिला. एकेक टाका त्यांनी जपून कापला होता. जपून काय उपयोग? उसवलाच ना? मला त्यांचाही राग आला, तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यावर बोट ठेवलं. "इथे ही भोकं कसली?"

मैना उठली. "तिथं माझी आजी होती, साहेब. काल काढली."

साहेबांनी मान खाली घालून शेरा लिहिला, 'साधने स्वच्छ व सुबक.' स्वच्छ म्हणे!

तेव्हापासून दहा वर्षं मी कपाटात आहे. तपासणीपुरतं बाहेर काढतात, मुलांना हात लावू देत नाहीत, मी मळेन म्हणून. अहो, हाताळायलाच तर शिवलं मला! परवा शिपाई नाथा सांगत होता, भिमाबाई वारल्या. आताच्या सातवीत त्यांचं नावही कुणाला ठाऊक नाही. संताप होतो माझा.

मित्रांनो, डांबराच्या गोळ्या टाकून मला जपू नका. मला उलगडा, भिंतीवर लावा. घरची म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारा, आणि ती सांगतील ते शिवा. पण त्याआधी मैनाला शाळेत बोलवा, आणि सुई तिच्याच हातात द्या.