मातीखालचे पाच महिने

मी एक जुनी द्राक्षवेल आहे. वय विचाराल तर तेवीस वर्षे. माणसाचे हे ऐन उमेदीचे वय, पण आमच्या हेलान डोंगराच्या पायथ्याला तेवीस वर्षांची वेल म्हणजे म्हातारीच. सतराव्या ओळीत, कुंपणापासून चौथी, ती मी.

मित्रांनो, दुसऱ्या देशांतल्या वेली हिवाळाभर उघड्यावर उभ्या राहतात म्हणे. मला ते काही खरे वाटत नाही. आमच्याकडची थंडी लाकूड फोडते, आणि थंडीहून वाईट तो कोरडा वारा. म्हणून दर वर्षी पाने गळली की आम्हाला तारांवरून सोडवतात, वाकवून जमिनीवर निजवतात आणि अंगावर माती ओढतात. वसंतात जर्दाळू फुलला की उकरून काढतात. हिशोब केला तर आयुष्यातली नऊ-दहा वर्षे मी अंधारात काढली आहेत. शेजारची वेल जेमतेम हातभर अंतरावर असते, पण मातीखाली शेजार नसतो. तिथे ज्याचे त्याने बघायचे.

मला लावले दिंग यूहुआने. दक्षिणेच्या डोंगरांत पाऊस पडेना, तेव्हा सरकारने गावेच्या गावे उचलून इकडे वसवली. त्यांत ती नवऱ्याबरोबर आली. इथे तेव्हा दगडगोटे आणि काटेरी झुडपे एवढेच होते. तिने पहारीने खड्डा खणला, ओल्या गोणपाटातून मला बाहेर काढले आणि नवऱ्याला म्हणाली, "ही काडी जगणार होय इथं? आपण जगलो तरी पुष्कळ झालं."

मी जगले, तीही जगली. नवरा मात्र चौथ्याच वर्षी गेला. त्यानंतर ती बागेत लवकर यायची आणि घरी उशिरा जायची.

वाकवताना वेलीचे खोड मुळाजवळ मोडते. म्हणून यूहुआ तिथे आधी मातीचा उंचवटा करी, तळव्याने दाबून दाबून, तान्ह्याच्या मानेखाली उशी द्यावी तसा. इतर बायका दिवसाला दोन ओळी पुरायच्या, हिची दीडच व्हायची. मुकादम खांग कमरेवर हात ठेवून उभा राही.

"वहिनी, वेली पुरताय की अंगाई गाताय?"

"रात्री उशीशिवाय झोपून बघ, मग सकाळी मान वळव आणि मला विचार."

बायका हसायच्या. पण तिच्या ओळीत एकही खोड मोडत नसे, हे खांगला पक्के ठाऊक होते.

मग चांगले दिवस आले. बाग वाढली, तळघर बांधले गेले, परदेशी लाकडाची पिंपे आली. आमच्या वाईनला लांबच्या कुठल्याशा शहरात पदक मिळाले. मालक शाओ साहेब पाहुण्यांना घेऊन ओळींमधून फिरले. उन्हाचे कौतुक झाले, दगडाळ जमिनीचे झाले, पिंपांचे तर फारच झाले. यूहुआ वीस पावलांवर तण काढत होती. तिच्याकडे कुणी पाहिले नाही. मला त्या दिवशी पदकाचा आनंद असा झालाच नाही.

संध्याकाळी खांगने माझ्याजवळच तिच्यापुढे वाईनचा पेला धरला. "इतकी वर्षं पोसलंत हिला, एक घोट तरी घ्या."

"आमच्यात चालत नाही, माहीत आहे ना तुला? मी हिची द्राक्षं खाते. ती खाऊन कुणी घरी जाऊन बायकोवर खेकसत नाही."

खांगने पेला गुपचूप मागे घेतला.

पुढे माझे खोड जाड होत गेले. आधी मनगटाएवढे, मग पोटरीएवढे. बागेत माती ओढणारे यंत्र आले. नव्या वेली लावतानाच तिरप्या लावलेल्या, त्या एका हाताने आडव्या होतात. आम्ही सरळ उभ्या वाढलेल्या. गेल्या पानगळीत खांग आमच्या ओळीत आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, सतरावी ओळ यंदा पुरायची नाही. साहेबांनी सांगितलंय."

"मग?"

"मग काय, थंडी बघून घेईल. वसंतात उपटून नव्या लावायच्या."

"उपटायच्या तर आज उपट की! उघड्यावर टाकून मारायचं, ही कुठली रीत?"

"मला का बोलता? त्या वाकत नाहीत आता. आणि राग मानू नका, तुम्हीही वाकत नाही."

खोटे नव्हते ते. तळघराचा जिना उतरताना ती भिंत धरायची, गुडघे कुरकुरायचे. पण ती म्हणाली, "तुझ्या यंत्राला वाकत नसतील. मला वाकतात."

सुट्टी घेऊन ती एकटीच आली. एक्केचाळीस वेली, तीन दिवस. माझ्यावर तिचा अर्धा दिवस गेला. तिने एका बाजूने माझी मुळे मोकळी केली, मला ढकलले, ओढले. मित्रांनो, मी हट्ट करत नव्हते. मला वाकायचे होते, पण लाकडाला ते कसे कळावे? शेवटी ती माझ्यावर आडवी झाली, गाल सालीला टेकवून, आणि तशीच पडून राहिली. तिच्या भाराने मी कणाकणाने खाली गेले. साल एका जागी तडकली, खोड शाबूत राहिले. इतक्या वर्षांत मला असे कुणी धरले नव्हते. नंतर तिला उठता येईना. तारेचा खांब धरून तिसऱ्या खेपेला उठली.

तो हिवाळा गेला. माती कोमट झाली. अठराव्या ओळीत यंत्राची घरघर ऐकू आली, मग सोळाव्या. आमच्याकडे कुणीच आले नाही. माझ्या काड्यांवरचे डोळे मातीखालीच फुटले, बटाट्याच्या कोंबांसारखे पांढरे. असे कोंब फार दिवस टिकत नाहीत. ती मला विसरली, हे मनाला पटेना. आणि विसरली नसेल तर तिचे काय झाले असेल, हा विचार त्याहून वाईट होता.

मग फावडे लागले, तेही थेट सालीवर. हात तिचे नव्हते. खांग होता, खांद्यात फोन दाबून ओरडत होता.

"उकरतोय, वहिनी, उकरतोय! हो, हातानंच. नाही, कोंब नाही मोडले. बरं, चार मोडले. अहो, रोज फोन काय करता, तुम्ही आधी पाय हलवू नका!"

अशी मला बातमी कळली. दारातल्या बर्फावर ती घसरली होती, गुडघ्याचे हाड मोडले होते. खांगने साहेबांना न विचारता एक्केचाळीस वेली एकट्याने उघडल्या. पाने फुटल्यावर साहेबांनी पाहिले. जुन्या वेलींच्या वाईनला आता म्हणे मोठा मान आहे. "राहू द्या," ते म्हणाले. बाटलीवर आमच्या खोडांचे चित्र छापायचे ठरले आणि चित्रकार येऊन गेला. माझे घड अनोळखी हातांनी तोडले. उन्हाळाभर मी ओळीच्या टोकाकडे बघत होते.

पुन्हा पाने गळली, आणि काल ती आली. खांगने तिला तीनचाकी गाडीत बसवून आणले होते, मांडीवर गोधडी. तिला खाली उतरता येत नव्हते.

"उजवीकडून उकर. उजवीकडून म्हणते! उजवा हात काय जेवण्यापुरताच आहे तुला?"

"उकरतोय ना!"

"आता आडवा हो तिच्यावर."

"लोक बघतील, वहिनी."

"बघू देत. शिकतील तरी."

बघायला कुणीच नव्हते. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. खांग माझ्यावर आडवा झाला. भारी माणूस, तंबाखूचा वास. मी गेले खाली. त्याने केलेली उशी तिने दोनदा मोडायला लावली. तिसऱ्यांदा म्हणाली, "माती इकडे आण." त्याने फावडेभर माती गाडीपाशी नेली. तिने एकेक ढेकूळ बोटांनी फोडले, भुगा केला, आणि तोच त्याने माझ्या मानेखाली घातला.

"पुढच्या वर्षी मी कामावर नाही," माती ओढता ओढता तो म्हणाला. "साठ वर्षं पुरी होतायत." ती काय म्हणाली, ते मला ऐकू आले नाही. तोवर माझ्यावर माती पडली होती.

मित्रांनो, आता पाच महिने मी इथे एकटी आहे, आणि मला थंडीची भीती नाही. म्हाताऱ्या वेलीला कसे निजवायचे, हे या डोंगराखाली दोनच माणसांना ठाऊक आहे. त्यांतल्या एकीला चालता येत नाही, आणि दुसरा कालच शिकला. बाटलीवर माझे चित्र नसले तरी चालेल. तुमच्यापैकी कुणीतरी तिच्या गाडीपाशी जाऊन उभे राहा आणि हात मातीत घाला. ती ओरडेल, पण सगळे सांगेल. तिला ओरडता येते आहे, तोवर जा.