पुष्पाबाईंच्या खिडकीतला उजेड

मित्रांनो, मी एक थोराड, काळा लॅपटॉप आहे. लॅपटॉप म्हणजे खरं तर मांडीवर घ्यायची वस्तू. पण मला मांडीवर घेतलं तर मांडी भाजते आणि खांद्याला अडकवलं तर खांदा उतरतो. माझा नुसता चार्जरच विटेएवढा आहे. मला बनवलं गेम खेळण्यासाठी, पण माझं आयुष्य गेलं मेहकरच्या बसस्टँडजवळच्या एका खोलीत, घरांची चित्रं काढण्यात. त्यातलं एक चित्र आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

दुकानात माझ्या शेजारी एक सडपातळ लॅपटॉप ठेवला होता. घरांचे नकाशे काढणाऱ्या धम्मशीलाताईंनी आधी तोच उचलला, तोही एका हाताने. "हा बरा हाय, प्लॉटवर नेता येईन," त्या म्हणाल्या. तेवढ्यात दुकानदाराने माझ्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. मग काय विचारता! माझे पंखे घोंगावू लागले, पडद्यावर रंग उसळले आणि दुकानातली गिऱ्हाईकं माझ्याभोवती गोळा झाली. माझी छाती फुगली. घराचं हुबेहूब चित्र काढायला ताकद लागते, असं ताईंना वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी मला निवडलं.

त्याआधी त्या मापं घ्यायची टेप आणि जुना हलका लॅपटॉप घेऊन प्लॉटवर जात, तिथेच दगडावर बसून नकाशा काढत. मलाही त्यांनी एकदा नेलं. बसमध्ये माझ्या ओझ्याने त्यांचा हात भरून आला आणि प्लॉटवर चहा येईपर्यंत माझी बॅटरी संपली. तेव्हापासून त्यांनी जाणंच सोडलं. लोकांना ऑफिसात बोलावलं की झालं, असं ठरलं. लोक येत, माझा पडदा पाहत आणि तोंडात बोट घालत. मला ते फार आवडायचं.

डोणगावचे उकंडराव घर बांधणार होते. प्लॉटची मापं त्यांनी फोनवरच दिली. मागे कोण आहे, असं ताईंनी विचारल्यावर ते म्हणाले, "मागं भगवानराव हायेत." आता गावात भगवानराव म्हटलं की पिठाची चक्की, हे लहान पोरालाही ठाऊक. पण ताईंना कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं, शेजाऱ्याचं अंगण असेल.

उकंडरावांच्या पत्नी पुष्पाबाई यांचं एकच मागणं होतं. त्यांचा सगळा संसार बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात गेला होता. "मले ओट्यापाशी खिडकी पाह्यजे. उजेडात सैपाक करीन म्हणते," एवढंच त्या बोलल्या. मी जीव ओतून ती खिडकी काढली. बाहेर हिरवागार कडुनिंब उभा केला आणि ओट्यावर कोवळं ऊन पाडलं.

नवराबायको ते पाहायला ऑफिसात आले. उकंडरावांची नजर माझ्यावरून हलेना. पुष्पाबाई मात्र हळूच म्हणाल्या, "माय, इथं तं चक्की हाय ना, भगवानरावची."

"मशीन दाखवून राह्यलं ना तुले," उकंडराव म्हणाले.

धम्मशीलाताईंच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही. कारण ते ऊन पाडताना मी तापलो होतो आणि माझे पंखे अख्ख्या खोलीत घोंगावत होते. पुष्पाबाई पुन्हा बोलल्या नाहीत.

घर झालं. वास्तुशांतीला उकंडरावांनी ताईंना आग्रहाने बोलावलं, मलाही आणायला सांगितलं. पाहुण्यांना चित्र आणि घर शेजारी शेजारी दाखवायची त्यांना हौस होती. मला ओट्यावर ठेवलं. माझ्या पडद्यावर खिडकी उघडी होती. समोरची खरी खिडकी बंद होती आणि तिच्या फटींत कागद कोंबलेले होते.

"काकू, हे बंद काऊन?" ताईंनी विचारलं.

"चक्की सुरू झाली का पीठ येते आत. भाजीवर बसते."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं होतं ना माय. तुहं मशीन लय आवाज करून राह्यलं होतं."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धम्मशीलाताईंनी दुसरी खिडकी पाडायला कुठे जागा आहे का, म्हणून भिंती पाहिल्या. बाहेरची भिंत तेवढी एकच होती. त्यांचे डोळे भरून आले. पुष्पाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उलट विचारलं, "हे चित्र कागदावर निघते का?"

ताईंनी ते मोठं छापून दिलं. पुष्पाबाईंनी ते बंद खिडकीवर चिकटवलं. ते ऊन मी काढलेलं आहे. त्या उन्हात त्यांना डाळीतला खडासुद्धा दिसत नाही. भर दुपारी त्या दिवा लावून डाळ निवडतात.

आता ताई आधी कागद आणि टेप घेऊन प्लॉटवर जातात, माझी पाळी नंतर येते. तेच बरोबर आहे. मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र घ्याल तेव्हा ते किती पळतं ते जरूर पाहा, पण ते तुमच्यासोबत कुठवर येईल हेही उचलून पाहा. आणि ते घोंगावत असताना समोरचं माणूस हळू आवाजात काही बोललं, तर यंत्र आधी बंद करा. मग त्या माणसाला विचारा, "काय म्हणत होत्या, काकू?"