मेट्रनबाईंची पंधरा मिनिटं

इस्पितळातल्या मेट्रनबाईंचा एक नेम होता. सकाळी साडेसातला यायचं, खोलीचं दार लोटायचं आणि डोळे मिटून पंधरा मिनिटं प्रार्थना करायची. त्या वेळात कोणी आत पाऊल टाकलंच, तर त्याची धडगत नसे. मागणं रोज एकच: प्रभू, मला नम्र कर. नव्या नर्सना त्या पहिल्याच दिवशी सांगत, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मग आपण कोण लागून गेलो?" पोरी माना डोलवत. त्यांच्यापुढे ब्र काढायची कोणाची छाती होती!

त्या दिवशी "आमेन" म्हणून त्यांनी दार उघडलं, तर समोर अवजारं धुणाऱ्या मावशी. हातात कागदाची पट्टी. ही पट्टी अवजारांबरोबर वाफेच्या यंत्रात ठेवतात. वाफ पुरती लागली की ती काळी पडते. मावशींच्या हातातली पांढरीफटक होती.

"कुठल्या पेट्यांतली?"

"पोटाच्या ऑपरेशनच्या. वर गेल्या."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"मघाशी आले होते बाई. तुम्ही प्रार्थनेत होतात. डोळे न उघडताच हातानं घालवलंत."

"अहो, मग पेट्या तरी अडवायच्या!"

"पेट्या वर सोडायच्या कागदावर तुमची सही होती. त्यापुढे माझं कोण ऐकतंय?"

सकाळची धांदल नको म्हणून आदल्या संध्याकाळीच सह्या ठोकून ठेवायची सवय मेट्रनबाईंचीच. ऑपरेशन पावणेआठचं, आणि घड्याळात पावणेआठच झाले होते. वर एका गवंड्याचं पोट उघडणार होते. त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसलेली त्यांनी येताना पाहिली होती.

बाई धावत सुटल्या. दोन जिने, गुडघे कुरकुरताहेत. देवा, चाकू लागलेला नसू दे. एवढं एकच.

"थांबा!"

सर्जननी नुकताच हात पुढे केला होता. चाकू अजून नर्सच्या हातात होता.

"अवजारं कच्ची आहेत, सर. पुरती वाफ लागलेली नाही."

"कोणाचा हा गलथानपणा?"

धुणाऱ्या बाईचा, असं म्हणायला क्षणही लागला नसता. शब्द अगदी जिभेवर आला होता. एकवीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली.

"माझा. मी न बघता सही केली. मावशी सांगायला आल्या, तर त्यांना हाकललं."

"लेखी द्या," सर्जन म्हणाले. "मग बघू तुमचं काय करायचं ते."

खाली मावशी जिन्याकडे डोळे लावून उभ्या होत्या. "माझी नोकरी जाईल का हो?"

"तुमची नाही जाणार," बाई म्हणाल्या, आणि सगळ्या नर्ससमोर त्यांनी हात जोडले. "चुकले मी, मावशी."

दुसऱ्या दिवशी साडेसातला बाई पुन्हा प्रार्थनेला बसल्या. चौकशीच्या धास्तीनं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. दार मात्र आज सताड उघडं होतं. उंबऱ्याशी पावलं वाजली आणि सवयीनं तिथंच थबकली.

बाईंनी डोळे उघडले.

"या मावशी, आत या. देव थांबेल."