केचपच्या बाटलीचा क्षय

रविवारची प्रार्थना संपली आणि अख्खी वस्ती चर्चमधून निघाली ती थेट बास्केटबॉलच्या मैदानावर. फिलिपिन्समधल्या मालाबोनच्या त्या वस्तीत लग्न, निवडणुकीची सभा आणि मयताची बैठक यांना मिळून ते एकच मैदान, त्यामुळे चमत्कारालाही तेच. पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या लागल्या होत्या आणि टेबलामागे पांढऱ्या शर्टात ब्रदर आमादोर उभे होते. ब्रदर कुठल्याही मठाचे नव्हते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ बाजारात मोबाइलची कव्हरं विकत. मग त्यांना साक्षात्कार झाला, आणि कव्हरांपेक्षा साक्षात्कार जास्त खपतो हेही त्यांच्या लवकरच लक्षात आलं.

साक्षात्कार असा की, बनाहाव डोंगराच्या गुहेत गुड फ्रायडेला उपाशीपोटी वळलेली तारेची कॉइल वेपमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सिगारेटमध्ये बसवायची. तिच्यातून शुभ्र कापसाची वात ओवायची, वर पवित्र तेलाचे थेंब सोडायचे आणि आजारी माणसानं सात झुरके घ्यायचे. झाकण उघडलं की वात काळीकुट्ट! "बघा, डोळे भरून बघा!" ब्रदर गरजायचे. "ही तुमच्या फुप्फुसातली घाण. तारेनं ओढली, कापसानं धरली!" मग तेच वेप नव्या वातीनिशी ते स्वतः ओढून दाखवत. त्यांची वात दुधासारखी पांढरी राही. पुण्यवान फुप्फुसं!

लोकांना हे पटलं यात नवल नव्हतं. पाण्यात मेण ओतून, त्याच्या आकारावरून कुणाची बाधा झाली ते सांगणारे वैदू या वस्तीत आजोबा-पणजोबांपासून होते. मेणाच्या जागी कापूस आला, एवढंच. शिवाय हे बॅटरीवर चालायचं, म्हणजे विज्ञानही झालं!

तिसऱ्या रांगेत एन्स्या आपल्या थोरल्या भावाशेजारी बसली होती आणि तिच्या रागाचा पारा चढत होता. भाऊ तेम्योंग, जीपनी ही प्रवासी गाडी चालवणारा, चार महिन्यांपासून क्षयाच्या गोळ्या घेत होता. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं बजावलं होतं, सहा महिने पुरे करायचे, मध्ये सोडल्या तर आजार असा उलटेल की याच गोळ्यांना दाद देणार नाही. आणि काल तांदळाच्या डब्यामागे एन्स्याला गोळ्यांची पाकिटं सापडली होती. अकरा दिवसांची, न फोडलेली.

"कुया, हे काय?" तिनं विचारलं होतं. घरात थोरल्या भावाला कुयाच म्हणतात.

"आता कशाला गोळ्या? ब्रदरनी घाण काढली की! वात बघितली असतीस तर तुलाही पटलं असतं. डांबर नुसतं! उद्या उरलेली काढणार आहेत."

"आणि खोकला?"

"तो जाता जाता खोकतोय."

एन्स्याला मुकाट्यानं सोबत यावं लागलं. गंमत म्हणजे तिचा धंदाच कॉइल वळण्याचा होता. बाजारातल्या एका वेपच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती बारीक तारा पिळायची, खिळ्यावर वळायची, मीटरवर रोध मोजायची, चिमट्यानं वेढे सारखे करायची. बटण दाबल्यावर कॉइल मधून कडांकडे एकसारखी लाल झाली, तरच तिचं समाधान व्हायचं.

तेम्योंगचा नंबर लागला. ब्रदरनी डोळे मिटून लॅटिनसारखं काहीतरी पुटपुटलं, जे ऐकून एखाद्या पाद्र्याला घेरी आली असती. नवी कॉइल बसवली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वेपच्या छोट्या पडद्यावर चूक दाखवणारी अक्षरं तेवढी उमटली.

"इथे कुणीतरी अश्रद्ध आहे," ब्रदर गंभीरपणे म्हणाले. "तार रुसली आहे."

"तार रुसली नाही, तारेचा पाय खालच्या धातूला टेकलाय," एन्स्या बसल्या जागेवरून म्हणाली. "उरलेलं टोक कापलं नाहीत तुम्ही. द्या इकडे."

लोक हसले. हसणाऱ्या लोकांपुढे नाही म्हणणं ब्रदरना जड गेलं. एन्स्यानं जाऊन टोक छाटलं, स्क्रू आवळले आणि कॉइल डोळ्यांजवळ धरली. धरली ती धरलीच. वेढे उलटे होते. अख्ख्या बाजारात असे उलटे वेढे एकच बाई घालायची, कारण ती डावखुरी होती.

"ब्रदर, ही कॉइल बनाहावच्या गुहेतली ना?"

"साक्षात!"

"गुड फ्रायडेला, उपाशीपोटी वळलेली?"

"शंका घेऊ नकोस, पोरी."

"शंका कसली! ही मी मंगळवारी वळली. नूडल्सवर ताव मारून."

मैदानात खसखस पिकली. पण तेम्योंगचा चेहरा पडला नाही, उलट ताठरला. "कॉइल कुणी का वळेना," तो म्हणाला. "घाण तर माझीच निघाली ना? मी डोळ्यांनी पाहिली."

खरा पेच तिथेच होता. एन्स्यानं टेबलाकडे पाहिलं. कुप्या दोन होत्या. पेशंटांसाठी निळ्या टोपणाची, ब्रदरसाठी पांढऱ्या टोपणाची. तिनं निळीतला थेंब बोटांत चोळला. बोटं चिकटली. पांढरीतला थेंब नुसताच बुळबुळीत होता.

कडेला आलिंग पासिंग नावाची म्हातारी अंड्यांच्या भज्यांची गाडी लावून तळणं विसरून बघत होती. एन्स्यानं तिच्या गाडीवरची केळ्याच्या केचपची रिकामी बाटली उचलली, ती दाबली की पिचकणारी.

"ब्रदर, हिलाही तपासा. बिचारी फार दिवस आजारी आहे."

"ही देवाची थट्टा आहे!"

"अहो, बघू तरी द्या!" आलिंग पासिंग ओरडली. "माझी बाटली आहे, मला कळायला नको?"

एन्स्यानं नवी वात ओवली, निळ्या कुपीतले थेंब सोडले. बाटली पिचकवून तिचं तोंड वेपला घट्ट लावलं, बटण दाबलं आणि हात सैल केला. बाटली फुगता फुगता धूर ओढू लागली. एक, दोन, तीन... लोक मोठ्यानं मोजू लागले. पाचव्या झुरक्याला करपलेल्या पाकाचा वास पसरला.

"सात!"

झाकण उघडलं. वात काळीकुट्ट.

"अरे देवा," आलिंग पासिंग म्हणाली. "बाटलीला क्षय!"

"थांबा, बरी करते." एन्स्यानं वात बदलली, कॉइल लाल करून जाळून साफ केली आणि पांढऱ्या कुपीतले थेंब सोडले. पुन्हा सात झुरके. वात पांढरीशुभ्र! "झाली बरी. मंत्र नाही, उपास नाही. निळ्या कुपीत साखरेचा पाक आहे. तापलेल्या कॉइलवर तो जळतो आणि वातीला काळं फासतो. पांढऱ्या कुपीत साखर नाही, म्हणून यांची फुप्फुसं पुण्यवान! आणि कुया, एवढं तरी सांग, झुरका घेताना वारा वेपमधून तुझ्या तोंडात येतो की तुझ्या तोंडातून वेपमध्ये जातो?"

वीस वर्षं सिगारेट ओढलेल्या तेम्योंगला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"मग तुझी घाण त्या वातीत गेली कुठून? वाऱ्याला विनंती करून?"

तोवर ब्रदर कुप्या पिशवीत भरत होते. "या मैदानावर आता कृपा राहिली नाही," असं म्हणत ते फाटकाकडे निघाले. पाय मात्र कृपेपेक्षा जास्त वेगानं चालत होते.

चमत्कार संपला असं कुणालाही वाटलं असतं. पण वस्तीचा उत्साह दांडगा. आलिंग पासिंगनं एन्स्याचा डावा हात धरला आणि हळूच म्हणाली, "तुझ्या हाताला गुण आहे गं. माझे गुडघे बघतेस?" मागे आणखी दोघीजणी उभ्या होत्याच.

एन्स्याला हसू आलं आणि लगेच रडूही. ती खुर्चीवर चढली.

"ऐका! माझ्या हाताला गुण नाही, सवय आहे. मी याच कॉइल वळून पोट भरते आणि मीच सांगते, हे औषध नाही. धुरानं कुणाचं फुप्फुस धुतलं जात नाही. कुणी काही काढून दाखवलं, तर एवढंच विचारा, आजारी माणूस नसता तरी हे निघालं असतं का? आणि ते तिथल्या तिथे करून बघा. त्याला लागते एक केचपची बाटली!"

लोक पांगले. तेम्योंग बसूनच होता. खोकल्याची उबळ आली, तोंडावर रुमाल धरून तो बराच वेळ खोकला.

"अकरा दिवस," तो म्हणाला. "उलटला असेल का गं?"

एन्स्यानं खोटा धीर दिला नाही. तसला धीर आज एकानं पुष्कळ वाटला होता. "माहीत नाही, कुया. उद्या आठला केंद्र उघडतं. थुंकी तपासतील, मग कळेल."

"नर्स फाडून खाईल मला."

"खाऊ दे. तिला सगळं खरं सांग. अकरा म्हणजे अकरा, त्यातला एक दिवसही कमी करू नकोस."

सोमवारी पावणेआठला केंद्राच्या पायरीवर एकच माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर न फोडलेल्या गोळ्यांची अकरा पाकिटं होती आणि ती तो लपवत नव्हता.