थावीचं शेत

शिट्टी वाजली तशी थावीने पळी पातेल्यात सोडली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. क्षणभराने घरामागच्या शेतात धमाका झाला. कोंबड्या फडफडत घराच्या खांबांमागे दडल्या. बांबूच्या बेटावरून धूर विरेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग पुन्हा रस्सा ढवळू लागली.

“हा शेवटचा म्हणे,” चुलीपाशी मासे साफ करत बसलेला शेजारचा हुएन म्हणाला. “आता काय लावतेस? केळी की मका?”

“आधी पोरींना जेवू दे. मग बघू.”

पोरी म्हणजे जुन्या लढाईत पेरलेले भूसुरुंग काढणारी तुकडी. अख्खा उन्हाळा जाड अंगरख्यांत घामाने निथळत त्यांनी हे रान वीत वीत तपासलं होतं. धातू हुडकणारं यंत्र ओरडलं की गुडघे टेकायचे आणि हलक्या हाताने माती उकरायची. बहुधा गंजका खिळाच निघे. तरी पुढच्या आवाजाला पुन्हा तोच हलका हात.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा दावं तोडून पळालेल्या गाईमागे थावी याच शेतात शिरली होती. नवऱ्याने तिला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. तिचा उजवा पाय मात्र तिथेच राहिला. पुढे शेताभोवती धोक्याच्या लाल पाट्या लागल्या, बांबू माजला. नवराही तापाने गेला. बात्तामबांग शहरातल्या एका संस्थेने तिला नवा पाय करून दिला, झिजला की बदलूनही दिला. एक पैसा कधी मागितला नाही. घरात राहून सारखा कुरकुरतो म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं होतं जाऊबाई.

जेवायला बसल्यावर तिने तुकडीप्रमुख रोथाला विचारलं, “हे सगळं चालवतं तरी कोण गं?”

“लांबच्या देशांतली माणसं वर्गणी काढतात, मावशी. तुमचा पायही त्यातूनच. शाळेतली पोरंसुद्धा देतात.”

“आपलं गाव पाहिलंय त्यांनी?”

“छे! नाव सांगितलं तर उच्चारताही यायचं नाही त्यांना.”

थावीने पातेल्यातला माशाचा सगळ्यात मोठा तुकडा रोथाच्या ताटात घातला.

“अहो, माझं झालंय!”

“तुला कुठे वाढतेय? ते लांबचे इथवर यायचे नाहीत. त्यांच्या वाटणीचं तू खायचं.”

“मग मावशी, ते खूपच आहेत हं,” दुसरी मुलगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

जेवणं आटोपल्यावर पाट्या उपटल्या गेल्या, त्यांना बांधलेली लाल फीत रोथाने गुंडाळून घेतली. गावकरी बांधावर गोळा झाले. रोथाच्या मुली शेतातून आडव्या-उभ्या चालून आल्या; एक तर मुद्दाम उड्या मारत आली. तरी बांधावरून कुणी हलेना. इतक्या वर्षांची भीती पायांत मुरलेली.

“शेत तुझं आहे बाई,” हुएन हळूच म्हणाला. “पहिला मान तुझा.”

थावी पुढे झाली. अनोळखी जमीन दिसली की आधी जाऊबाई पुढे करायची, ही तिची जुनी सवय. गेलाच तर लाकूड-प्लास्टिकचा जाईल, असं ती सगळ्यांना हसत सांगायची. आताही जाऊबाई कुरकुरली, उचलली गेली आणि बांधावरच परत टेकली.

थावीने डाव्या पायातली चप्पल काढली.

“सावकाश, मावशी,” रोथा पुटपुटली.

“सावकाश कशाला? तूच हात फिरवलायस ना या मातीवरून?”

आणि तिने डावा, अनवाणी पाय शेतात ठेवला. माती ऊन होती, मऊ होती. बोटं तिच्यात रुतली. तिने सगळा भार त्या पायावर घेतला आणि तशीच उभी राहिली.

रोथाने मान फिरवली आणि गुंडाळून झालेली लाल फीत पुन्हा गुंडाळायला घेतली.

मागे बांधावर हुएनने खाली वाकून आपल्याही चपला काढल्या.